बाहेरच्या चार मॅचेस

नोव्हेंबर लागला की कुवेतमध्ये एक दुपार अशी येते, की गाडीचं स्टिअरिंग उघड्या हाताने धरता येतं. मे महिन्यापासून माझ्या बाजूच्या सीटवर एक जुना नॅपकिन पडलेला असतो. ड्युटी संपवून बाहेर यायचं, उन्हात सहा तास तापलेल्या गाडीचं दार उघडायचं, आतली वाफ जरा जाऊ द्यायची आणि नॅपकिनने स्टिअरिंग धरून निघायचं, हा सहा महिन्यांचा शिरस्ता. मग एक दिवस मंगफच्या सिग्नलला उभं असताना लक्षात येतं, की अरे, नॅपकिन तर तसाच पडलाय. आपण नुसत्या हाताने इथवर आलो.

त्या दिवसापासून आमच्याकडे हिवाळा. आमच्या एक्स-रे विभागातले कुवेती सहकारी वाळवंटात तंबू ठोकायच्या गोष्टी करू लागतात. रस्त्यावर पिकअपमधून तंबूचे बांबू, सतरंज्या आणि चुली जाताना दिसतात. बायका गच्चीवर गाद्या टाकतात. आणि मला क्रिकेट आठवतं. दर शुक्रवारी सकाळी सहाला, कच्च्या मैदानावर, टेनिसच्या बॉलचं क्रिकेट. तो बॉल बॅटवर नीट बसला की जो पोकळ, गोड आवाज येतो, तो माझ्या लेखी कुवेतच्या हिवाळ्याचा आवाज आहे.

यंदा नॅपकिन पडून राहिला त्याच संध्याकाळी ओंकारचा फोन आला. ओंकार माझा मुलगा. जन्म कुवेतचा, शाळा कुवेतची आणि आता अमेरिकेत कॉलेजला. आम्ही मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा जुना करार आहे. अभ्यासाबद्दल विचारलं की 'फाइन' एवढंच पदरात पडतं. पण त्याच्या कॉलेजच्या फुटबॉलचा विषय निघाला की तो अर्धा अर्धा तास थांबत नाही. हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे. हेल्मेट घालून, लांबुडका चेंडू काखेत मारून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं, तो.

"बाबा, इट्स सो अनफेअर," तो म्हणाला. त्याच्या कॉलेजची टीम जवळजवळ सगळ्या मॅचेस जिंकलेली, तरी मोठ्या स्पर्धेसाठी टीम निवडणाऱ्या समितीने तिला यादीत फार खाली टाकलं होतं. का, म्हणून मी विचारलं, तर त्याने सगळं शास्त्र समजावून सांगितलं. तिकडे कॉलेजांचे गट असतात. गटातल्या टीम एकमेकांशी खेळतात, ते ठरलेलंच. पण त्याशिवाय प्रत्येक कॉलेज गटाबाहेरच्या तीन-चार मॅचेस स्वतः ठरवतं. बडी बडी कॉलेजं त्या वेळी शहाणपणा करतात. कुठल्या तरी लहानशा कॉलेजला आपल्या मैदानावर बोलवायचं, घरच्या प्रेक्षकांसमोर धू धू धुवायचं आणि जिंकलो म्हणून नाचायचं. त्याच्या कॉलेजनेही यंदा तेच केलं होतं. आणि समितीने नेमकं तेच बघितलं.

"दे आर सेइंग वी प्लेड नोबडी!" तो चिडून म्हणाला.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा? आर यू देअर?"

"आहे रे. तुमच्या त्या बाहेरच्या मॅचेस ठरवतो कोण?"

"देअर्स सम गाय इन द ऑफिस. इयर्स इन अ‍ॅडव्हान्स."

"त्याला माझा नमस्कार सांग," मी म्हटलं.

ओंकारला त्यातलं काही कळलं नाही. कळायला तो आमच्या मॅचेसना कधी यायला हवा होता. शुक्रवारी सकाळी सहाला आमचे चिरंजीव पांघरुणात असत. नाहीतर त्याला ठाऊक असतं, की अहमदीच्या मराठी टीमचा तो 'सम गाय' म्हणजे त्याचा बाप.

आमची व्यवस्था अगदी त्या अमेरिकेसारखीच होती, फक्त हेल्मेटं नव्हती. मराठी लोकांच्या सहा टीमची लीग. आपापसात पाच मॅचेस, त्या लागलेल्याच. शिवाय प्रत्येक टीमने बाहेरच्या, म्हणजे इतर लोकांच्या टीमशी चार मॅचेस आपल्या आपण ठरवून खेळायच्या. मार्चमध्ये मोठी स्पर्धा. त्यात मल्याळी, तमिळ, हैदराबादी, पंजाबी, पठाण, श्रीलंकेचे, सगळे आले. जागा आठ. त्या आठ टीम निवडायला तीन बुजुर्गांची समिती आणि तिचे प्रमुख गोव्याचे फर्नांडिस अंकल, पांढऱ्या मिशांचे, कायम इस्त्रीच्या अर्ध्या बाहीच्या शर्टातले.

मला खेळता फारसं येत नसे. अकराव्या नंबरला बॅटिंग आणि फिल्डिंगला जिथे बॉल येत नाही अशी जागा. पण मॅच ठरवण्यात माझा हात धरणारा कुवेतमध्ये कुणी नव्हता. ही बढाई नाही, आणि असली तरी खरी आहे. समोरची टीम अशी हवी, की नाव ऐकून बरी वाटावी आणि खेळायला लागल्यावर पोकळ निघावी. कुठल्या तरी शाळेतल्या शिक्षकांची टीम मी शोधून काढली होती. त्यांच्यातले चौघे तर टीचर्स रूममध्ये बसून बसून इतके सुटले होते, की एक रन काढल्यावर दुसऱ्याचा विषयच काढत नसत. एका हॉटेलच्या स्वयंपाक्यांची टीम होती. गुरुवारी रात्रभर लग्नाच्या पंगती उठवून ते तसेच मैदानावर येत आणि उभ्या उभ्या डुलक्या घेत.

आणि माझ्याकडे आणखी एक शस्त्र होतं, ते सांगायला आता थोडी लाज वाटते. शुक्रवारी दुपारनंतर आमच्या एक्स-रे विभागात बोटं येतात. सुजलेली, वाकडी झालेली, कॅच घेताना दुखावलेली. हात मशीनखाली सरळ करताना मी सहज विचारायचो, "कौन सी टीम?" एकदा एका चांगल्या टीमच्या मुख्य बोलरचा अंगठा माझ्यापुढे आला. हाडाला चीर. मी त्याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही, पेशंटचं गुपित बाहेर न्यायचं नाही हे मला पाठ आहे. मी फक्त दुसऱ्या दिवशी त्यांच्या कॅप्टनला फोन करून मॅच मागितली, पुढच्याच शुक्रवारची.

सुनीता, माझी बायको, त्याच हॉस्पिटलात नर्स. ती माझे हे फोन ऐकून म्हणायची, "तुम्ही मॅच ठरवता की लग्न? किती टीमना पत्रिका बघून नकार देताय!"

ज्यांना मी सर्वांत जास्त वेळा नकार दिला, ती टीम जलीबची. जलीब म्हणजे कामगारांची दाट वस्ती. तिथले टॅक्सीवाले, ट्रकवाले, गॅरेजवाले मिळून एक टीम होती आणि ती कुणालाही ऐकत नसे. त्यांचा बोलर गुल खान, पेशावरकडचा, दिवसभर ट्रक चालवणारा. धिप्पाड माणूस. टेनिसचा बॉल त्याच्या हातून सुटला की शिट्टीसारखा आवाज करत यायचा. त्यांचे कॅप्टन नसीमभाई दर ऑक्टोबरला मला न चुकता फोन करायचे. "भाईजान, इस साल तो खेलोगे?" आणि मी दर ऑक्टोबरला म्हणायचो, "इस साल ग्राउंड का मसला है." सहा वर्षं माझ्या ग्राउंडचा मसला सुटला नाही.

आमच्या टीममध्ये हा मसला एकाच माणसाला मान्य नव्हता. तो म्हणजे मेस्त्री.

मेस्त्री कुडाळकडचा. सुतार. पंचवीसेक वर्षं आखातात, त्यातली शेवटची बारा कुवेतला. अहमदीत तेल कंपनीच्या जुन्या क्वार्टर्सची दारं-खिडक्या दुरुस्त करायचं त्याच्या कंपनीकडे कंत्राट होतं. राहायला महबूलात, आठ जणांच्या खोलीत. बायको आणि दोन मुली गावाला. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर जायचा. अंगाने काटक, कानावर पेन्सिल अडकवायची सवय अशी, की मैदानावरही पेन्सिल नसलेल्या कानाला मधूनच हात लावायचा. तो मला डॉक्टर म्हणायचा. मी डॉक्टर नाही, एक्स-रे टेक्निशियन आहे, हे मी त्याला निदान वीस वेळा सांगितलं असेल. तो मान डोलवायचा आणि पुन्हा डॉक्टर म्हणायचा.

दर शुक्रवारी पहाटे मी त्याला महबूलातून गाडीत घ्यायचो. काचा खाली करून जायचं. समुद्राकडून ओलसर वारा यायचा, त्यात रिफायनरीचा तो उग्र वास मिसळलेला. नव्या माणसाला तो नको होतो, आम्हाला त्यावाचून सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. वाटेत तंदूरवर थांबून गरम खुबूस घ्यायचे, मोठ्या भाकरीएवढे, आणि गाडीतच तोडून चहाबरोबर खायचे. मैदानावर पोचलो की चौघांनी मिळून हिरव्या मॅटिंगची गुंडाळी उलगडायची, तिच्यातली आठवड्याची वाळू झटकायची आणि टाचेने बाउंड्रीची रेघ ओढायची. तोवर सूर्य वर यायचा, धुरळ्यामुळे केशरी. आणि हे सगळं चालू असताना मेस्त्री हमखास विचारायचा, "डॉक्टरानू, जलीबवाल्यांची मॅच घेतलास काय औंदा?"

"बघू," मी म्हणायचो.

एकदा तो उलगडून बोलला. खुबूसचा तुकडा हातात तसाच धरून, पुढच्या काचेकडे बघत. "गावात माका सगळे म्हणीत, हो मोठो खेळाडू होतलो. बावीस वर्षांचो होतंय तेव्हा. मगे हंय इलंय. खरां काय तां कधी कळलांच नाय."

मी गाडी चालवत होतो म्हणून बरं. त्याच्याकडे बघून उत्तर द्यावं लागलं नाही.

आणि मग तो मोसम आला, ज्याच्याविषयी मी हे लिहायला बसलो आहे. चार वर्षं झाली त्याला. मोसम सुरू होण्याआधीच मेस्त्रीला कंपनीने सांगितलं, की एप्रिलनंतर तुझा अकामा नवा होणार नाही. अकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो संपला की माणूस संपत नाही, पण कुवेत संपतं. मेस्त्रीने ती बातमी मला मॅटिंग झटकता झटकता सांगितली आणि लगेच पुढे विचारलं, "तेव्हा औंदा तरी घेवा ती मॅच."

इथे मी माझी अक्कल चालवली. म्हटलं, "मेस्त्री, अशी सुटी मॅच कशाला? स्पर्धेत जाऊ की. मोठ्या मैदानावर, पांढऱ्या दोऱ्या लावलेल्या, लाउडस्पीकरवर तुमचं नाव पुकारतील. तिथे जलीबवाले येणारच. तिथे भिडा त्यांना." मला हे अगदी मनापासून वाटत होतं. आमची टीम कधीच त्या आठांत गेली नव्हती. मेस्त्रीला तिथे नेऊन मगच निरोप द्यायचा, असं मी ठरवून टाकलं. आणि तिथे जायचं म्हणजे हरून चालणार नाही. आणि हरायचं नाही म्हणजे बाहेरच्या चार मॅचेस काळजीपूर्वक निवडायच्या.

मी निवडल्या. शिक्षक घेतले, स्वयंपाकी घेतले. एक टीम अशी घेतली, की तिच्यातले तिघे जण बोटांना पट्ट्या लावून होते, कसं ते आता तुम्हाला ठाऊक आहे. आणि चौथी घेतली वफ्राची.

वफ्रा दक्षिणेला, शेतीचा भाग. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना उजाड माळ आणि मग एकाएकी खजुराच्या रांगा आणि प्लास्टिकची लांबच लांब हरितगृहं. तिथे काम करणाऱ्या बांगलादेशी आणि राजस्थानी मजुरांनी टीम काढली होती, आणि आजवर कुणी त्यांच्याशी खेळायला गेलं नव्हतं. त्यांनी आमच्यासाठी दोन हरितगृहांच्या मधल्या पट्ट्यात पाणी भरलेलं पिंप फिरवून पिच केलं होतं. त्यांच्याकडे बॅट एकच, तिच्या मुठीला ठिबकच्या नळीचं रबर गुंडाळलेलं. पहाटेपासून पाणी सोडून, काकड्या तोडून ते खेळायला उभे राहिले. आम्ही त्यांना अर्ध्या तासात गुंडाळलं. मेस्त्री मुद्दाम हळू बॉल टाकत होता, तरी ते बाद होत होते आणि बाद झाल्यावर हसत आमच्याशी हात मिळवत होते. निघताना त्यांच्या रफीक नावाच्या कॅप्टनने प्रत्येक गाडीत काकड्यांची एकेक पेटी ठेवली. नको म्हटलं तर त्याचा चेहरा पडला, म्हणून घेतली.

परतीच्या वाटेवर मेस्त्री म्हणाला, "डॉक्टरानू, ह्या पोरांका हरवून आपणांक काय गावलां?"

"काकड्या," मी म्हटलं.

गाडीतले सगळे हसले. मेस्त्रीही हसला. मग अहमदी येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी त्या वेळी मनातल्या मनात हिशेब करत होतो, की आता लीगमधल्या दोन मॅचेस तेवढ्या राहिल्या.

आम्ही नऊपैकी आठ मॅचेस जिंकलो. एवढा चांगला मोसम आमच्या टीमला कधी गेला नव्हता. फेब्रुवारीच्या शेवटी यादी आली. आठ टीम होत्या, आमची नव्हती. चार मॅचेस हरलेली एक मराठी टीम यादीत होती आणि आठ जिंकलेले आम्ही बाहेर. माझं डोकं फिरलं. मी त्याच संध्याकाळी फर्नांडिस अंकलच्या घरी गेलो आणि नऊ मॅचेसचा कागद त्यांच्यापुढे टेबलावर आपटलाच.

अंकलनी चष्मा लावला. कागद शांतपणे वरून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. मग मला बसायला सांगून आत जाऊन कोकम सरबत घेऊन आले.

"वो दूसरा टीम चार हारा," ते म्हणाले. "बरोबर. उसमें एक जलीब से हारा, एक श्रीलंका से हारा. लेकिन जाके खेला. तुम लोग किसके साथ खेला, मॅन?"

मी सरबताचा ग्लास उचलला.

"ये कुकंबर वाला?" त्यांनी कागदावर वफ्रापाशी बोट ठेवलं. काकड्यांची बातमी कुवेतभर झाली होती.

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण ते इतक्या प्रेमाने विचारत होते, की राग येईना. उलट, इतकी वर्षं आपण ज्याला हुशारी समजत होतो ती बाहेरून कशी दिसत होती, ते त्या एका संध्याकाळी मला दिसलं. टीम स्पर्धेत गेली नाही याचं दुःख होतंच. पण घरी जाताना गाडीत मला फक्त मेस्त्री आठवत होता. त्याची मॅच मी घालवली होती. त्याच्यावरच्या मायेपोटी घालवली, हे खरं असलं तरी घालवली मीच.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगायला अहमदीला गेलो. जुन्या क्वार्टर्सच्या त्या रस्त्यांवर मोठी झाडं आहेत, कुवेतमध्ये दुर्मीळ अशी सावली आहे. एका रिकाम्या बंगल्याच्या व्हरांड्यात मेस्त्री एक दार आडवं टाकून रंधा मारत होता. भुशाचा वास आणि पायाशी पिवळ्या सालींचा ढीग. मी यादीबद्दल सांगितलं. अंकल काय म्हणाले तेही सांगितलं, शब्द न बदलता.

त्याने रंधा थांबवला. पात्यावरची साल अंगठ्याने काढली.

"म्हणजे आता ती मॅच होवची नाय."

"माझं चुकलं, मेस्त्री."

"तुमी माझ्यासाठीच केलास, माका म्हायत आसा," तो म्हणाला आणि पुन्हा रंधा मारू लागला. तो माझ्यावर चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. दोन-चार शिव्या घातल्या असत्या तर फारच बरं वाटलं असतं.

मी गाडीत येऊन बसलो आणि नसीमभाईंना फोन लावला. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना. "नसीमभाई, एक मॅच चाहिए."

ते हसले. "अब? टूर्नामेंट सर पे है, भाईजान. इस मॅच से फायदा किसको?"

"एक आदमी को," मी म्हटलं. आणि मग ग्राउंडच्या मसल्याचं खरं काय ते सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ ऐकत होते.

"जुमे को आ जाओ," ते म्हणाले. "सुबह. लेकिन मेरे लडके रहम नहीं करते."

ही मॅच कुठल्याही कागदावर जाणार नव्हती. बाहेरच्या चार मॅचेस खेळून झाल्या होत्या, ही पाचवी कुणी धरणार नव्हतं. आमच्या टीमचे तिघे तर आलेच नाहीत, फुकट मार कशाला खायचा म्हणून. एप्रिलमध्ये मेस्त्रीचं विमान होतं.

यंदा आमच्या टीमला नवा कॅप्टन मिळाला आहे. कुवेत सिटीत एका बँकेत आहे, हुशार पोरगा आहे. परवा ओंकारशी बोलणं झाल्यावर त्याचाच फोन आला. "काका, बाहेरच्या चार मॅचेस तुम्हीच ठरवा. तुमचं नाव आहे त्यात." मी म्हटलं, ठरवतो, पण पहिली जलीबची. मग तो हळूच म्हणाला, "काका, जरा सोप्यापासून सुरू करू या ना." त्याचा आवाज ऐकून मला हसू आलं. मी असाच बोलायचो, अगदी अस्साच, आणि मनात हेच असायचं, की आपल्या माणसांना लागू नये. पहिली जलीबची ठेवली आहे. पोरगा थोडा नाराज आहे. होईल सरळ.

चार वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारी जलीबवाल्यांनी आधी बॅटिंग केली. बारा ओव्हर्समध्ये त्यांनी इतके रन काढले, की स्कोअर लिहिणाऱ्याने शेवटी शेवटी वहीतून डोकं वर काढलं नाही. बॉल शोधायला मीच जास्त धावलो. जिथे बॉल येत नाही अशी जागा त्या दिवशी मैदानावर नव्हती.

मग आमची बॅटिंग. पहिले दोघे पटापट गेले, दुसरा गुल खानच्या ओव्हरच्या पहिल्याच बॉलला, आणि मेस्त्री आत आला. अठ्ठेचाळिशीचा माणूस, दाढीची पांढरी खुंटं वाढलेली, पायात कामावरचेच बूट. गुल खानने त्याच्याकडे पाहिलं आणि तो आपली बॉलिंगची धाव निम्मी करून उभा राहिला. वयाचा मान राखला त्याने. दिलदार माणूस.

मेस्त्रीने हात वर केला. विकेट सोडून तो चालत त्याच्यापर्यंत गेला. मी नॉन-स्ट्रायकरच्या जवळ अंपायर म्हणून उभा होतो, त्यामुळे मला ऐकू आलं. "भाई, धीरे मत डालना. जैसा सबको डालता है, वैसा डालना."

गुल खानने नसीमभाईंकडे बघितलं. नसीमभाईंनी मान हलवली. तेव्हा तो मागे मागे चालत गेला, त्याच्या पुऱ्या धावेच्या खुणेपर्यंत, मागच्या पार्क केलेल्या गाड्यांपाशी.

पहिला बॉल मेस्त्रीच्या हनुवटीजवळून गेला, तो त्याला दिसला नसावा. दुसरा मांडीवर बसला. टेनिसचा बॉल असूनही मैदानभर आवाज झाला. त्याने मांडी चोळली नाही. तिसऱ्याला बॅटची कड लागून बॉल डोक्यावरून मागे चौकार. सगळे हसले, तोही हसला. पुढच्याला नुसती बॅट लावून दोन पळाला. मग एक. पलीकडची ओव्हर कशीबशी निघाली आणि पुन्हा गुल खान समोर आला. पुन्हा त्या गाड्यांपासून धावत आला. मेस्त्रीने या वेळी डावा पाय पुढे टाकला आणि बॅट सरळ खाली आणली, फार जोरात नाही. तो पोकळ, गोड आवाज आला. बॉल गुल खानच्या उजव्या हाताजवळून, जमिनीलगत, सरळ बाउंड्रीच्या रेघेपार गेला. गुल खान वळून त्या बॉलकडे बघत राहिला. मी अंपायर होतो आणि चौकाराची खूण करायला विसरलो.

पुढच्या बॉलवर मधला स्टंप उडाला. चार, दोन, एक, चार. अकरा रन. आमची अख्खी टीम चाळिशीत आटोपली आणि आम्ही इतक्या रनांनी हरलो, की ते मोजून कुणी सांगितलं नाही. नसीमभाईंनी सगळ्यांना चहा पाजला. गुल खानने मेस्त्रीला मिठी मारली, तेव्हा मेस्त्री त्याच्या खांद्याच्या खाली कुठे तरी दिसेनासा झाला.

मॅटिंग गुंडाळताना मेस्त्री मदतीला आला नाही, असं कधी झालं नव्हतं. शोधायला गेलो, तर तो माझ्या गाडीच्या पलीकडे उकिडवा बसला होता, मोबाइल कानाला घट्ट धरून. मांडीवर काळानिळा वळ उठायला लागला होता आणि तो दुसऱ्या हाताने वाळूत पिच काढून दाखवत होता, जणू त्याच्या बायकोला कुडाळात ते दिसणार होतं.

"हरलाव गो. होय, वायट हरलाव. तां सोड, आयक. मी अकरा रन काढलंय. अकरा! नाय गो, तुका कळाचा नाय तसा. त्या पठाणाचो बॉल दिसाकच नाय, नुसतो आवाज इलो. थांब, पयल्यापासून सांगतंय तुका."

मी मागच्या पावली परत फिरलो आणि मॅटिंग एकट्यानेच गुंडाळलं. बारा वर्षं दर शुक्रवारी तो माझ्या गाडीतून आला होता. इतक्या वर्षांत जिंकलेल्या एकाही मॅचचा फोन त्याने घरी केला नव्हता.